वाचकांचे प्रश्न : सप्ताह, यात्रा आणि मागे राहणारा कचरा

गावातले सप्ताह, यात्रा, जयंतीचे कार्यक्रम आणि मैदानी स्पर्धा संपल्यावर मागे उरणाऱ्या कचऱ्याविषयी वाचकांनी आपले अनुभव आणि अडचणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. मराठवाड्याच्या जवळजवळ सर्व जिल्ह्यांतून पत्रे आली. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून त्यांतील प्रातिनिधिक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याने स्वतःच्या गावात अनेक वर्षे सप्ताहाच्या समितीत पंगतीचे आणि सफाईचे काम पाहिले आहे. म्हणून काही ठिकाणी चुकांसह स्वतःचा अनुभवही सांगितला आहे.

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो आणि काल्याच्या कीर्तनानंतर सुमारे पाच हजार माणसे महाप्रसाद घेतात. पूर्वी पळसाच्या पत्रावळी असत. आता चंदेरी कागदी ताटे आणि प्लास्टिकचे ग्लास आणले जातात आणि दुसऱ्या दिवशी मैदानाकडे पाहवत नाही. तरुण मंडळी स्टीलची ताटे घ्या म्हणतात. ज्येष्ठ मंडळी विचारतात की, पिण्याचे पाणी टँकरने येत असताना ताटे धुवायला पाणी कोठून आणायचे? समितीने काय ठरवावे?
— सप्ताह समितीचे एक सचिव, बीड जिल्हा

उत्तर : ज्येष्ठांची शंका रास्त आहे आणि तिला बाजूला सारून दिलेला कोणताही सल्ला मराठवाड्यात टिकणार नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपल्या भागातला कोणी विसरलेला नाही. त्यामुळे ‘स्टील चांगले, बाकी सर्व वाईट’ असे सरसकट न म्हणता सप्ताह कोणत्या महिन्यात आहे, पाण्याचा उद्भव कोणता आहे आणि जेवायला बसण्याची पद्धत काय आहे, या तीन गोष्टींवर निर्णय घ्यावा.

प्रथम चंदेरी ताटांविषयी. ‘कागदाचे आहे, मातीत मिसळून जाईल’ या समजुतीने ही ताटे घेतली जातात. आमच्या समितीनेही एका वर्षी याच समजुतीने ती घेतली आणि पंगती उठल्यावर एका खड्ड्यात पुरली. पुढच्या वर्षी चुलाणासाठी त्याच जागी खोदले तेव्हा कागद कुजून गेलेला होता आणि चंदेरी पापुद्रे जसेच्या तसे चकाकत होते. ही चकाकी म्हणजे कागदावर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्या थरामुळे ताट कुजत नाही आणि खरकटे लागल्यामुळे भंगारवालाही ते घेत नाही. थर्माकोलची ताटे व वाट्या आणि प्लास्टिकची एकदाच वापरायची ताटे, ग्लास, चमचे यांच्यावर महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. राज्याच्या नियमानुसार पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000 रुपये आणि तिसऱ्या वेळी 25,000 रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. देवाच्या कार्यात दंडाची वेळ येऊ नये, एवढे तरी समितीने पाहावे.

आता पर्यायांकडे येऊ. सप्ताह पावसाळ्यानंतर असेल आणि विहिरीला पाणी असेल, तर स्टीलची ताटे निःसंशय घ्यावीत. धुण्याची रीत मात्र आधी बसवून घ्यावी लागते. वाहत्या नळाखाली ताट धरले की पाण्याला हिशेब राहत नाही. त्याऐवजी चार टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यावर जेवणाऱ्यानेच ताटातले उरलेले अन्न टोपल्यात झटकावे. दुसऱ्या टप्प्यावर ताट कोरड्या राखेने किंवा भुसकटाने पुसून घ्यावे. या एका कामाने धुण्याचे अर्धे ओझे उतरते, कारण तेल आणि आमटी पाण्यात जाण्याआधीच निघून जाते. तिसऱ्या टप्प्यावर साबणाच्या पाण्याचे घमेले आणि चौथ्यावर स्वच्छ पाण्याची दोन घमेली असावीत. स्वच्छ पाण्याचे पहिले घमेले गढूळ झाले की ते साबणाच्या घमेल्याच्या जागी सरकवावे आणि शेवटी नवे पाणी भरावे, म्हणजे एकच पाणी दोनदा कामास येते. या रीतीने एका ताटाला सरासरी एक लिटर पाणी धरून नियोजन करावे. पाच हजार ताटांना पाच हजार लिटर, म्हणजे एक लहान टँकर पुरेल. ताटे उन्हात पालथी वाळवावीत. धुण्याचे पाणी ओढ्यात न सोडता दगड-गोटे भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे.

सप्ताह चैत्र-वैशाखात असेल आणि पिण्याचे पाणीच टँकरने येत असेल, तर पळसाच्या पत्रावळीला पर्याय शोधण्याचे कारण नाही. पत्रावळ पाण्याशिवाय वापरता येते, काही आठवड्यांत कुजते आणि तिचा पैसा पाने गोळा करून पत्रावळी लावणाऱ्या घरांकडे जातो. मात्र ती हातात धरून उभ्याने जेवता येत नाही, तिला पंगत लागते. प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताटांना गावात वाट मिळाली ती उभ्याने जेवण्याच्या पद्धतीमुळे, कारण उभ्याने जेवणाऱ्याला हातात धरण्याजोगे कडक ताट लागते. शिवाय उभ्याच्या जेवणात माणूस पुन्हा रांगेत यावे लागू नये म्हणून एकदाच भरपूर वाढून घेतो आणि त्यातले टाकतो. पंगतीत वाढपी विचारून वाढतो आणि ‘अर्धीच द्या’ म्हणण्याची सोय असते. म्हणून ताटाचा निर्णय करण्याआधी समितीने पंगतीचा निर्णय करावा. पाच हजारांच्या पंगती एका दुपारी उठवणे कठीण वाटले, तरी ज्या गावात घरोघरच्या पोळ्या ट्रॉलीत गोळा होतात आणि शंभर तरुण वाढायला उभे राहतात, त्या गावाला ते अशक्य नाही.

उसाच्या चिपाडाच्या लगद्याची ताटे हाही एक पर्याय अलीकडे मिळू लागला आहे. ती कुजतात, पण विकत घेताना ताटाच्या कडेला नख लावून पाहावे. पापुद्रा सुटला तर आत प्लास्टिक आहे असे समजावे.

राहिला ग्लासांचा प्रश्न, आणि खरे तर सर्वांत जास्त कचरा ग्लासांचाच होतो. एका माणसाला दोन ग्लास धरले, तर पाच हजार माणसांचे दहा हजार ग्लास होतात आणि जो माणूस चार वेळा पाणी पितो तो चार ग्लास घेतो. पंगतीत तांब्याने किंवा जगाने पाणी वाढावे आणि स्टीलचे पेले ठेवावेत. ताट नसले तरी पेले स्टीलचे ठेवणे सर्वांना परवडते, कारण त्यांना तेल लागत नाही आणि धुवायला अगदी थोडे पाणी लागते. निमंत्रणपत्रिकेवर ‘आपला तांब्या-पेला सोबत आणावा’ अशी एक ओळ छापावी, असेही आम्ही सुचवू. गावजेवणाला ताट-तांब्या घेऊन जाण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि जुन्या पिढीला त्यात काही कमीपणा वाटत नसे.

हा सगळा विचार सामानाची यादी करताना व्हायला हवा. काल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात जे पसरलेले दिसते, ते सर्व समितीने स्वतः पैसे देऊन तालुक्याहून आणलेले असते. आमच्या समितीत गेल्या काही वर्षांपासून यादी लिहिणाऱ्यांसोबत सफाईचे काम पाहणारा एक जण बसतो आणि प्रत्येक वस्तूपुढे ‘हे उद्या कोठे जाईल?’ एवढेच विचारतो. ज्या वस्तूचे उत्तर मिळत नाही, ती यादीतून कमी होते. सफाईला येणाऱ्या माणसांची संख्या वाढवून जे साधले नव्हते, ते या एका प्रश्नाने साधले.

प्रश्न : आमचा महिला बचत गट गावच्या भंडाऱ्यात स्वयंपाकाला मदत करतो. उरलेले अन्न आणि उष्टे ट्रॉलीत भरून गावाबाहेर ओततात, ‘जनावरे खातील’ असे म्हणतात. मागच्या वर्षी त्यानंतर दोन गाई दगावल्या. हे त्यामुळेच झाले असेल का? आणि दुसरे काय करता येईल?
— बचत गटाच्या अध्यक्षा, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, त्या गाई कशाने गेल्या हे पशुवैद्यकाने तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. परंतु अशा ढिगावर सोडलेल्या जनावराच्या जिवाला धोका असतो, हे निश्चित आहे. गाई-म्हशीचे कोठीपोट, म्हणजे पोटाचा पहिला मोठा कप्पा, कडबा, गवत, भुसकट अशा तंतुमय चाऱ्यासाठी असते. भात, पोळ्या, शिरा, बुंदी असे पिठूळ आणि गोड अन्न एकदम भरपूर खाल्ले की कोठीपोटात आम्ल फार वेगाने तयार होते, रवंथ थांबते, पोट फुगते आणि जनावर एक-दोन दिवसांत जाऊ शकते. अन्नासोबत पिशव्या गेल्या तर त्या कोठीपोटातच गोळा होऊन राहतात. तोरणाची तार, हाराची पिन गेली तर ती त्यालगतच्या जाळीपोटात रुतते आणि तेथून हृदयापर्यंत टोचू शकते. पुण्याच्या भावनेने टाकलेले अन्न मुक्या जिवाला असे बाधते, हे मंडळींना समजावून सांगितले पाहिजे आणि ते काम गटातल्या भगिनींनी केले तर लवकर पटेल, कारण घरची जनावरे बहुतेक त्याच सांभाळतात.

उरलेल्या अन्नाचे दोन भाग करावेत. कढईत, पातेल्यात राहिलेले, कोणाचा हात न लागलेले अन्न हा पहिला भाग. ते गरम असतानाच झाकून ठेवावे आणि वाडी-वस्ती, ऊसतोड कामगारांच्या कोप्या, वसतिगृह अशा ठिकाणी त्याच वेळी पोहोचवावे. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर तापमान असताना शिजलेले अन्न तास-दोन तासांच्या वर उघडे राहिले तर ते कोणाला देऊ नये. दिवस कलल्यावर ‘आता कोणाला तरी देऊन टाका’ असे म्हणण्यात विषबाधेची भीती आहे. कोणाकडे न्यायचे, कोणत्या वाहनाने न्यायचे आणि डबे कोणाचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे.

दुसरा भाग म्हणजे उष्टे, भाज्यांची देठे-साली, पत्रावळी आणि निर्माल्य. याचे खत करावे. नुसते खरकटे खड्ड्यात टाकले तर ते सडते, माशा होतात, वास येतो आणि ‘खत करणे म्हणजे घाण करणे’ असा समज होऊन पुढच्या वर्षी कोणी त्याचे नाव काढत नाही. खरकट्यात पाणी आणि नत्र जास्त असते. त्याला कोरड्या, कर्बयुक्त मालाची जोड लागते. आपल्या भागात सोयाबीनचे भुसकट, तुरीच्या आणि कपाशीच्या काड्यांचा चुरा, गव्हाचे काड यांची कमतरता नाही. एक टोपले खरकटे टाकले की त्यावर तीन टोपली भुसकट आणि दोन-चार मुठी शेणकाला किंवा जुने खत, असे थर द्यावेत आणि सर्वांत वरचा थर नेहमी भुसकटाचाच ठेवावा. ढीग लांबी, रुंदी आणि उंचीला किमान तीन-तीन फूट असावा, नाहीतर आत उष्णता धरत नाही. पत्रावळी फाडून टाकाव्यात, कारण सबंध पत्रावळी एकावर एक चिकटून बसतात आणि मधल्या पानांना हवाच लागत नाही.

दोन-तीन दिवसांत ढिगाच्या पोटात हात घालवत नाही इतकी उष्णता आली, म्हणजे काम नीट चालले आहे. ही उष्णता 55 अंशांच्या वर काही दिवस टिकली की रोगजंतू आणि तणाचे बी मरते. दर आठ-दहा दिवसांनी ढीग उलटावा. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब निघावेत, इतकाच ओलावा ठेवावा. पाणी गळू लागले तर भुसकट वाढवावे, कोरडे वाटले तर भांडी धुतलेले साबणाशिवायचे पाणी शिंपडावे. अडीच-तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते. मिठाची आणि तेलाची चिंता पुष्कळजण करतात. भुसकटाचे प्रमाण राखले तर ती फारशी करावी लागत नाही. तरीही असे खत रोपवाटिकेत न वापरता शेतात किंवा मंदिराच्या झाडांना घालावे.

ढीग उलटण्याचे काम ज्यांना जमणार नाही, त्यांनी विटांचा जाळीदार नाडेप हौद बांधावा. पुसदच्या पांढरीपांडे यांनी बसवलेल्या या पद्धतीत भिंतींमधली भोके हवा पुरवतात आणि हौद एकदा भरून शेणमातीने लिंपला की तीन-चार महिने त्याच्याकडे फारसे पाहावे लागत नाही. पहिल्या वर्षीचे खत पिशव्यांत भरून सप्ताहाच्या देणगीदारांना प्रसाद म्हणून द्यावे, अशी आमची एक सूचना आहे.

प्रश्न : आमच्या युवक मंडळाने कबड्डी स्पर्धेत ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे हिरवे-निळे डबे जागोजागी ठेवले. दोन्ही डब्यांत सर्व काही एकत्र सापडले. लोक ऐकत नाहीत, मग काय करायचे?
— मंडळाचे कार्यकर्ते, लातूर जिल्हा

उत्तर : डबे कमी करा आणि माणसे उभी करा. गर्दीत माणूस डब्याचा रंग पाहत नाही. समोरच्या डब्यात आधी जे पडलेले दिसते तेच तो टाकतो, त्यामुळे पहिली चुकीची वस्तू पडली की डबा गेलाच. मैदानभर वीस डब्यांऐवजी पाण्याजवळ, खाण्याच्या टपऱ्यांजवळ आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर अशी तीनच ठिकाणे करा आणि प्रत्येक ठिकाणी दोन तासांच्या पाळीने एक कार्यकर्ता ठेवा. डब्यांऐवजी बांबूच्या तिकाटण्याला टांगलेली जाळीची पोती बरी पडतात, कारण आत काय आहे ते बाहेरून दिसते. पोत्यावर ‘सुका कचरा’ असे लिहिण्यापेक्षा रिकामी बाटलीच बांधून टांगा. ते लहान मुलालाही कळते.

बाटल्यांविषयीही लिहिणे भाग आहे. खेळाडूंना लहान बाटल्या वाटण्याऐवजी वीस लिटरचे जार आणि खेळाडूंच्या स्वतःच्या बाटल्या, अशी व्यवस्था स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेतच जाहीर करा. तरीही बाटल्या आल्याच तर झाकण काढून, पाणी ओतून, पायाने चेपून पोत्यात भरा. चेपलेल्या बाटल्या कितीतरी कमी जागा घेतात आणि स्वच्छ, कोरड्या बाटल्यांना भंगारात पैसे येतात. झाकणे वेगळ्या जातीच्या प्लास्टिकची असतात, म्हणून ती निराळी ठेवावीत.

प्रश्न : मी यात्रेत चहा-भज्यांचे दुकान लावतो. कागदी कप चालतात असे ऐकले आहे, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्याही वापरतो. तरी कचऱ्याबद्दल आम्हा दुकानदारांनाच बोल लावला जातो. आम्ही नेमके काय करावे?
— एक दुकानदार, धाराशिव जिल्हा

उत्तर : आपण विचारलेत याचे आम्हाला मनापासून समाधान वाटते. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचे अस्तर असते, नाहीतर चहा झिरपला असता. त्यामुळे तो कुजतही नाही आणि रद्दीतही जात नाही. आपल्या चहाच्या गाड्यांवर काचेचे ग्लास पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. उकळत्या पाण्याचे एक पातेले आणि ग्लास ठेवायच्या चार जाळ्या ठेवल्या तर यात्रेतही ते चालतात आणि रोज कपांची पाकिटे विकत घ्यावी लागत नाहीत. कापडासारख्या दिसणाऱ्या, उष्णतेने चिकटवलेल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. धागा ओढून पाहावा. विणलेला धागा निघाला तरच ते कापड. हातात धरायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांची किमान जाडी केंद्राच्या नियमांनी 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉन केली आहे, त्यामुळे बाजारात फुकट मिळणाऱ्या पातळ पिशव्या कायद्यात बसत नाहीत. भजी वर्तमानपत्रात देऊ नयेत, कारण छपाईची शाई तेलात उतरते. पळसाचे द्रोण वापरावेत.

एकट्या दुकानदाराने केले तर शेजारचा पिशवी देतो म्हणून गिऱ्हाईक तिकडे वळते, ही आपली अडचण आम्ही जाणतो. म्हणून हा नियम जागेच्या पावतीवर छापला गेला पाहिजे. जागा वाटतानाच समितीने अनामत रक्कम घ्यावी आणि शेवटच्या दिवशी आपली जागा स्वच्छ करून देणाऱ्यास ती परत करावी. आपल्याच जिल्ह्यात येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरीचे लाखो भाविक उन्हात वाकून चुन्याचे खडे वेचतात, हे आपण पाहिलेच असेल. वाकून वेचण्यात देवीच्या सेवेचा भाव जिथे इतका रुजलेला आहे, तिथे यात्रेच्या जागेवरची कागद-पिशवी उचलण्याचे आवाहन कोणी मनापासून केले तर ते वाया जाणार नाही, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : यात्रेच्या मैदानाला लागून आमची चार एकर जमीन आहे. यात्रेनंतर वाऱ्याने सगळ्या पिशव्या आमच्या रानात येतात. दोन वर्षे वेचून दमलो. तक्रार केली की गावाचा रोष ओढवतो.
— एक शेतकरी, नांदेड जिल्हा

उत्तर : आपला त्रास खरा आहे आणि तो एकट्याने सोसावा असे गावानेही म्हणू नये. यात्रेच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूने बांधावर शेडनेटची चार-पाच फूट उंच पट्टी लावण्याचा खर्च समितीने उचलावा, म्हणजे पिशव्या जाळीला अडकतात आणि एकाच जागी गोळा करता येतात. सफाई दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर सुरू न करता रात्रीच, दुकाने उठताच करावी, कारण सकाळचा वारा सुटला की कचरा मैदानाचा राहत नाही. आणि काही झाले तरी पिशव्या वेचण्याआधी रानात नांगर किंवा वखर घालू नका. एकदा पिशवी फाळाखाली गेली की तिचे तुकडे होतात, ते कधीच पूर्ण निघत नाहीत आणि मुळांना व पाण्याला आडवे येतात.

प्रश्न : जयंतीच्या मिरवणुकीनंतर फ्लेक्स, कागदी तुकडे आणि ताटे चौकातच पेटवून देतात. धुराने लहान मुलांना त्रास होतो. हे कायद्याने चालते का? आणि फ्लेक्सचे दुसरे काय करायचे?
— एक शिक्षिका, जालना जिल्हा

उत्तर : चालत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली असून साध्या प्रकरणात 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई ठरवली आहे. फ्लेक्स पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो. तो जळताना हायड्रोजन क्लोराईडसारखे घशाला व डोळ्यांना झोंबणारे वायू आणि डायॉक्सिनसारखी अत्यंत विषारी द्रव्ये बाहेर पडतात, त्यामुळे मुलांना होणारा त्रास हा केवळ धुराचा त्रास नसतो.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी आयोजकांवर आणखी एक जबाबदारी घातली, ती फार थोड्या मंडळांना माहीत असते. शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम परवाना नसलेल्या जागेवर घ्यायचा असेल, तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे लागते आणि कचरा जागेवरच वेगळा करून तिने नेमलेल्या यंत्रणेकडे देणे आयोजकांना बंधनकारक असते. आपण शिक्षिका आहात. मंडळातले अनेक तरुण आपले विद्यार्थी असतील. भांडणाचा सूर न लावता हा नियम मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवलात तरी पुष्कळ फरक पडेल.

फ्लेक्सला गावात पुनर्वापराची एकच चांगली जागा आहे, ती म्हणजे शेतकऱ्याचे खळे. सोयाबीनच्या गंजीवर, कडब्यावर, गोठ्याच्या आडोशाला जुने फ्लेक्स वर्षानुवर्षे वापरले जातात. काढतानाच ते घडी घालून मागणाऱ्यांना वाटावेत. त्याहून बरे म्हणजे रंगाने लिहिलेला कापडी फलक करावा आणि त्यावर वर्ष व तारीख लिहू नये. तारखेची वेगळी लहान पट्टी पिनेने लावावी, म्हणजे तोच फलक दहा जयंत्या पाहील. हवेत उडवले जाणारे चकचकीत कागदी तुकडे मात्र बंदच करावेत. ते झाडताही येत नाहीत आणि वेचताही येत नाहीत.

प्रश्न : आम्ही कार्यक्रमात कचरा वेगळा करतो, पण नेणारी गाडी तो एकत्रच ओतते. मग वेगळे करण्याचा उपयोग काय?
— एका गृहनिर्माण संस्थेचे रहिवासी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या शहराने याचे उत्तर फार कठीण मार्गाने मिळवले आहे. वर्षानुवर्षे शहराचा मिसळलेला कचरा नारेगावला पडत राहिला आणि 2018 च्या फेब्रुवारीत तेथील ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या, तेव्हा रस्तोरस्ती ढीग साचले आणि कचरा दुसरीकडे नेण्यावरून मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेकीपर्यंत वेळ गेली. मिसळलेल्या कचऱ्याला शेवटी कोणाचे तरी गाव लागते आणि कोणतेही गाव आता ते स्वीकारणार नाही.

म्हणून गाडीवर अवलंबून राहू नका. ओले आपल्याच आवारात जिरवले की गाडीकडे जाणारा निम्म्याहून जास्त भार उतरतो आणि जे उरते ते कोरडे असल्यामुळे मिसळले तरी पुन्हा वेचता येते. कोरड्यातील पुठ्ठा, बाटल्या, डबे आणि स्वच्छ दुधाच्या-पाण्याच्या पिशव्या कार्यक्रमाआधीच ठरवलेल्या भंगार व्यावसायिकाला थेट द्याव्यात. वेफर्सची, गुटख्याची चकचकीत पाकिटे त्याला नको असतात, कारण त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ती वेगळी बांधून पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात दिली तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकतात. कार्यक्रमाच्या जागी अशी पाकिटे विकू न देणे हा अधिक सोपा उपाय आहे.

प्रश्न : यात्रेनंतर सफाईला येणाऱ्या माणसांना समितीने किती आणि काय द्यावे? आमच्याकडे त्यावरून वाद आहे.
— यात्रा समितीचे खजिनदार, हिंगोली जिल्हा

उत्तर : रक्कम आपल्या भागातल्या मजुरीवरून ठरवा, पण ती रात्रीच्या कामाची म्हणून दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असावी आणि काम संपताच हातात पडावी. मंडपवाल्याची आणि ध्वनिक्षेपकवाल्याची रक्कम जशी अंदाजपत्रकात आधी लिहिली जाते, तशीच ही रक्कम आधी लिहावी. शिल्लक राहिली तर देऊ, असे ठेवू नये. हातमोजे, बूट, लांब दांड्याचे खराटे आणि हात धुण्यासाठी साबण-पाणी समितीने द्यावे. सुक्या कचऱ्याचे भंगाराचे पैसेही त्यांनाच द्यावेत, म्हणजे वेचताना वेगळे करण्यात त्यांचाही लाभ राहतो. आणि त्यांची पाने शेवटच्या पंगतीनंतर उरलेल्या अन्नावर न मांडता काम सुरू होण्याआधीच्या पंगतीत, इतरांच्या ओळीतच मांडावीत.